खिडकीवरचं शिक्षण: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला रुग्णसेवेसाठी कसं तयार करावं आणि कसं तपासावं

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गरोदर बाईला मी सलग तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. साठा नोंदवही चोख होती, बॅच नंबर लिहिलेले होते, मुदत तपासलेली होती. तिचं हिमोग्लोबिन मात्र जागचं हललं नाही. चौथ्या महिन्यात औषधाच्या खिडकीवर गर्दी नव्हती, म्हणून सहज विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस गं?" ती म्हणाली, "चहाबरोबर, ताई. नुसत्या पाण्यानं मळमळतं. आणि ती पांढरी गोळी पण तेव्हाच घेते, म्हणजे विसरायला नको." पांढरी गोळी म्हणजे कॅल्शियम. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोहाचं शोषण अडवतात. हे मला डी. फार्म.ला (औषधनिर्माणाच्या पदविकेला) असल्यापासून माहीत होतं. तीन महिन्यांत तिला विचारलं मात्र एकदाही नव्हतं.

नवीन औषध निर्माण अधिकाऱ्यांना, म्हणजे सरकारी फार्मासिस्टना, शिकवताना माझी सुरुवात या प्रसंगापासून होते. आपल्याकडची प्रशिक्षणं बहुतेक साठ्याभोवती फिरतात: मागणीपत्र, ई-औषधी प्रणालीतल्या नोंदी, आधी मुदत संपणारं आधी वाटणं, लेखापरीक्षण. ते सगळं हवंच. पण गोळी खिडकीतून बाहेर गेली की तिचं पुढे काय होतं, हे शिकवलंही जात नाही आणि तपासलंही जात नाही. हा लेख त्याबद्दल आहे. तालुका पातळीवर प्रशिक्षण घेणारे, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि ज्यांच्या हाताखाली नवी नेमणूक झाली आहे असे ज्येष्ठ औषध निर्माण अधिकारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. आराखडा बारा आठवड्यांचा आहे. तो सरकारी नाही, माझ्या वापरातला आहे.

शिकवण्याआधी तीस रुग्णांना विचारा

प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी आजची स्थिती मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये औषधवापर तपासण्याची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्णसेवेचे काही निर्देशक आहेत: तपासणीला किती वेळ मिळाला, औषध देताना किती वेळ मिळाला, लिहिलेल्यांपैकी किती औषधं प्रत्यक्ष मिळाली, पाकिटावर नीट लिहिलं होतं का, आणि रुग्णाला डोस बरोबर सांगता आला का. एका केंद्रासाठी तीस रुग्ण पुरतात. संगणक लागत नाही, कागद, पेन आणि घड्याळ एवढं पुरे.

औषध घेऊन निघालेल्या माणसाला फाटकाजवळ किंवा व्हरांड्याच्या टोकाला थांबवा. विचारणारी व्यक्ती खिडकीवरची नको. आरोग्य सहायक किंवा प्रशिक्षणाला आलेला फार्मसीचा विद्यार्थी चालेल. आधी परवानगी घ्या, नाव लिहू नका. मग पिशवीतली औषधं हातात घेऊन प्रत्येकाबद्दल विचारा: ही कशासाठी, एका वेळी किती, केव्हा, किती दिवस, आणि काय झालं तर परत यायचं. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा. "बरोबर" किंवा "चूक" अशी खूण करून मोकळं होऊ नका, कारण शिकवण्याचा सगळा मालमसाला त्या शब्दांतच असतो. "बीपीची गोळी डोकं दुखलं की घ्यायची" हे वाक्य एकदा कागदावर आलं की रक्तदाबावरचं व्याख्यान निम्मं झालं.

तीसही रुग्ण एकाच दिवशी घेऊ नका. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी खिडकीवरचं बोलणं अगदी वेगळं असतं. दोन्ही दिवस नमुन्यात यायला हवेत.

समोर कोण शिकायला बसलंय ते बघा

डी. फार्म. म्हणजे दोन वर्षं आणि ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. २०२० च्या शिक्षण नियमावलीनंतर शिकलेल्यांना सामाजिक औषधशास्त्र, समुदाय फार्मसी, चिकित्सालयीन फार्मसी हे विषय अभ्यासातच असतात. त्यांना समुपदेशनाच्या पायऱ्या पाठ असतात, पण खिडकीपुढे चाळीस माणसांची रांग बघितली की शब्द फुटत नाही. १९९१ च्या जुन्या नियमावलीखाली शिकून पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेल्यांचं उलट. त्यांना गावातला प्रत्येक माणूस माहीत, बोलण्याची भीती नाही, पण इन्हेलर कधी हातात घेऊन पाहिलेला नसतो. या दोघांना एका वर्गात एकच तासिका देणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. शक्य असेल तिथे त्यांची जोडी लावा. नवा जुन्याला इन्हेलर दाखवेल, जुना नव्याला आजीशी कसं बोलायचं ते दाखवेल.

एक गोष्ट दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगते. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हा त्या कामाचा भाग आहे. वेळ मिळाला तर करायचं हे काम नाही.

पहिले तीन आठवडे: बोलणं

वेळेचं गणित आधी फळ्यावर मांडा. सकाळच्या चार तासांत १२० रुग्ण आले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. सगळ्यांना सारखा वेळ देऊ गेलात तर कोणालाच पुरणार नाही. म्हणून पहिलं कौशल्य म्हणजे कोणाला थांबवायचं ते ओळखणं. माझी यादी अशी: आयुष्यात पहिल्यांदा बीपीची किंवा साखरेची गोळी सुरू झालेला माणूस, पातळ औषध मिळालेलं लहान मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, इन्शुलिन किंवा इन्हेलरवाला, क्षयरोगाचा रुग्ण, आणि पाचपेक्षा जास्त औषधं घेऊन जाणारा म्हातारा माणूस. यांना चार-पाच मिनिटं. अंगदुखीला दोन दिवसांच्या गोळ्या नेणाऱ्या धडधाकट माणसाला अर्ध्या मिनिटात नीट सांगता येतं.

बोलण्याची रीत तीन प्रश्नांची ठेवा. डॉक्टरांनी हे कशासाठी दिलंय म्हणून सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल म्हणाले? आधी रुग्णाला बोलू द्यायचं आणि जे राहिलं किंवा चुकलं तेवढंच भरायचं. वेळ वाचतो, आणि माणसाला आपण अडाणी ठरलो असं वाटत नाही.

"दिवसातून दोनदा" हे शब्द प्रशिक्षणार्थीच्या तोंडून काढून टाका. दोनदा म्हणजे काहींना सकाळ-दुपार वाटतं. शिवाय शेतावर जाणारी बाई सकाळी सहाला कोरा चहा घेऊन निघते आणि पहिली भाकरी अकराला खाते. तिला "सकाळी जेवणानंतर मेटफॉर्मिन" सांगून ती ही साखरेची गोळी केव्हा घेणार? आधी विचारायचं, "मावशी, सकाळी पहिलं काय खाता, आणि किती वाजता?" मग सांगायचं, "त्या भाकरीबरोबर ही एक. रात्रीच्या भाकरीबरोबर दुसरी." पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, वाचता न येणाऱ्यालाही समजतं आणि घरातल्या नातवालाही. गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि मुदत रुग्णाकडच्या तुकड्यावर राहील अशी कापा. ती जागा कापली जाणारच असेल तर पाकिटावर लिहा.

शेवटी परत विचारणं. इथे सगळे अडखळतात, कारण "समजलं का?" विचारण्याची सवय असते आणि त्याला "हो" हे एकच उत्तर येतं. त्याऐवजी असं: "आजी, मी गडबडीत सांगितलं. नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगा बरं." चूक माझ्याकडे घेतली की आजी मोकळेपणाने सांगते. हे वाक्य प्रत्येकाने आपल्या बोलीत, आपल्या तोंडात बसेपर्यंत म्हणायचं. पाठ केलेलं वाक्य रुग्णाला लगेच कळतं.

स्थलांतराचा प्रश्न वेगळा शिकवावा लागतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारं कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाला परततं. त्यातल्या रक्तदाबाच्या रुग्णाला तीस दिवसांच्या गोळ्या देऊन "पुढच्या महिन्यात या" म्हणणं निरर्थक आहे. कुठल्या कारखान्याला जाणार ते विचारायचं, औषधाचं नाव आणि मात्रा मराठीत स्वच्छ लिहून द्यायची, आणि जास्त दिवसांची औषधं देता येतील का ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारायचं.

पुढचे तीन आठवडे: वस्तू हातात घेऊन

हा भाग फळ्यावर शिकवता येत नाही. टेबलावर वस्तू मांडा आणि प्रत्येकाकडून करून घ्या.

ओआरएस. एक लिटरचं पाकीट आणि २०० मिलीलीटरचं छोटं पाकीट शेजारी ठेवा. आईला "एक तांब्या पाण्यात घाला" सांगणारा प्रशिक्षणार्थी हमखास निघतो. त्याच्याकडून घरातला तांब्या मापून घ्या. दुकानातली रिकामी एक लिटरची बाटली हे सगळ्यात सोपं माप. पाकीट पूर्ण घालायचं, अर्धं नाही. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस, हे आईकडून वदवून घ्यायचं.

पॅरासिटामॉलचं पातळ औषध. दोन बाटल्या ठेवा: एक ५ मिलीलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅमची, दुसरी ५ मिलीलीटरमध्ये २५० ची. मूल १० किलोचं, मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ६ मिलीलीटर, दुसरीतून ३. हे गणित कागदाशिवाय यायला हवं. नंतर घरच्या चमच्याने पाणी मोजायला सांगा. कुणाच्या चमच्यात तीन मिलीलीटर बसतं, कुणाच्या आठ. ते एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर मापाची टोपी दिल्याशिवाय बाटली देण्याची इच्छाच होत नाही.

इन्शुलिनवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण ही चूक जिवावर बेतते. आपल्याकडे मिलीलीटरमागे ४० युनिटची कुपी सर्रास मिळते, तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्शुलिनसाठी. ४० च्या कुपीतलं इन्शुलिन नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट, १०० च्या कुपीतलं लाल सिरिंजने २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातात, आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. दोन्ही सिरिंजांत पाणी भरून शेजारी धरा. फरक दिसतो, आणि तो फरक रुग्णालाही असाच दाखवायचा.

इन्हेलर: हलवणं, श्वास पूर्ण सोडणं, ओठ घट्ट मिटणं, एकदा दाबून सावकाश आत ओढणं, दहा सेकंद रोखणं. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी. रुग्णाकडून दर महिन्याला करून घ्या, कारण पद्धत हळूहळू बिघडत जाते.

शीतसाखळी थोडक्यात: ऑक्सिटोसिन आणि इन्शुलिन २ ते ८ अंशांत, गोठवायचं नाही, आणि लसींच्या आयएलआरमध्ये (लसींसाठीच्या खास फ्रिजमध्ये) औषधं ठेवायची नाहीत.

केसपेपर वाचणं आणि डॉक्टरांशी बोलणं

सहाव्या आठवड्यानंतर जुने केसपेपर काढा, नावं झाका आणि रोज पाच वाचायला द्या. शोधायचं काय? मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल ही नावं घाईच्या अक्षरात एकसारखी दिसतात. त्यांचे खोके कपाटात शेजारी ठेवू नयेत. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असलेली तिशीतली बाई: पाळी चुकली का, विचारायचं, कारण हे औषध गरोदरपणात चालत नाही. डॉक्सिसायक्लिन लिहिलेली गरोदर बाई. वजन न लिहिलेलं मूल. साध्या सर्दीला अझिथ्रोमायसिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या प्रतिजैविक वर्गीकरणात अमॉक्सिसिलिन पहिल्या पसंतीच्या गटात आणि अझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या गटात आहे, हे भिंतीवर लावा.

चूक सापडल्यावर डॉक्टरांना सांगणं हे खरं अवघड काम. नवा मुलगा गप्प बसतो किंवा रुग्णासमोरच "डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय" म्हणतो. दोन्ही वाईट. रुग्णाला बाकावर बसवायचं, आत जायचं आणि एवढंच: "सर, हे बाळ दहा किलोचं आहे, मात्रा पाच मिलीलीटर लिहिलीय आणि आपल्याकडे आता २५० ची बाटली आलीय. एकदा बघता का?" माहिती आधी, विनंती नंतर. वैद्यकीय अधिकाऱ्यांना या सरावात एक दिवस बसवा. एरवी त्यांना अशा विचारण्याची चीड येते. त्या दिवसानंतर बहुधा येत नाही.

आपल्या भागाचे आजार आत आणा

तयार प्रशिक्षण पुस्तिका सगळीकडे एकच असते, रोग मात्र नसतात. कोकणात पावसाळ्यात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या आजारासाठी) डॉक्सिसायक्लिन वाटलं जातं: भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तिथेच लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हवं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे ते सगळीकडे पोहोचलं. त्याच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठवून चालवायचं नाही. गडचिरोलीत व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापाचं प्रायमाक्विन चौदा दिवस चालतं, आणि ताप दोन दिवसांत उतरल्यावर गोळ्या पडून राहतात.

लघवीच्या रंगाचा प्रश्न मी नेहमी विचारते. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. घाबरायचं नाही, औषध थांबवायचं नाही. प्रायमाक्विनवर असताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून तडक केंद्रात यायचं. दोन रुग्ण, दोन रंग, दोन अगदी उलटे सल्ले. हे आधी सांगितलं नसेल तर पहिला रुग्ण औषध सोडतो आणि दुसरा घरी बसून राहतो.

परीक्षा: कागदावर कमी, टेबलावर जास्त

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोज करतो. आपल्या लेखी परीक्षा पहिल्या पायरीवर थांबतात. तिसऱ्या पायरीसाठी टेबलांची परीक्षा आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. तालुक्याच्या सभागृहात सहा टेबलं मांडा, प्रत्येकावर पाच मिनिटं, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर.

माझी सहा टेबलं: जुलाब झालेल्या बाळाची आई, १० किलोच्या मुलाची मात्रा आणि दोन बाटल्या, इन्शुलिनच्या दोन सिरिंजा, गोंधळाचा केसपेपर आणि डॉक्टरांना फोन, बीपीची गोळी आपणहून बंद केलेले काका, आणि दुष्परिणामाचा फॉर्म भरणं. रुग्णाच्या भूमिकेसाठी आशाताईंना बसवा. खरे रुग्ण काय बोलतात ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. प्रत्येकीला आधी सांगून ठेवा की विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. काका झालेल्या ताई "गोळी चालू आहे का?" ला "हो" म्हणतील, पण "या आठवड्यात किती दिवस राहिली?" असं विचारलं तर सांगतील की महिना झाला बंद करून, पाय सुजले म्हणून. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजतात. ते ओळखून डॉक्टरांकडे पाठवलं की नाही, हाच त्या टेबलाचा मुख्य गुण.

गुणपत्रिकेत दहा-बारा कृती लिहा, केली किंवा नाही केली एवढंच. त्यांतल्या काही कृती लाल शाईत: वजन न विचारता मुलाची मात्रा सांगितली, चुकीची सिरिंज दिली, रुग्णाकडून परत वदवून घेतलं नाही. लाल चूक झाली की बाकी गुण कितीही असोत, ते टेबल पुन्हा द्यावं लागतं. सरासरीने ७० टक्के मिळवून इन्शुलिनमध्ये चुकणारा माणूस खिडकीवर एकटा बसू नये. परीक्षक दोन ठेवा आणि आधी एकाच सरावावर दोघांकडून गुण द्यायला लावा. फार फरक आला तर पत्रिकेतली भाषा सैल आहे असं समजा.

चौथी पायरी, म्हणजे रोज करणं, परीक्षेच्या दिवशी दिसत नाही. त्यासाठी कुणाच्या नजरेत न येता खिडकीच्या बाजूला बसून दहा रुग्ण बघा, आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा तीस रुग्णांना फाटकाजवळ तेच पाच प्रश्न विचारा. माझं माप असं: तीसपैकी चोवीस जणांनी प्रत्येक औषधाची मात्रा आणि वेळ बरोबर सांगितली तर प्रशिक्षण लागू पडलं. इन्शुलिन, लहान मुलं आणि क्षयरोग यांत मात्र एकही चूक चालणार नाही.

चुकांची वही

प्रशिक्षणार्थीला एक वही द्या. जी चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी लक्षात आली ती तिच्यात लिहायची: काय झालं, कसं लक्षात आलं, पुढे काय बदललं. ही वही गोपनीय अहवालाला जोडायची नाही, हे वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सांगायला हवं. एकदा तिच्यावरून नोटीस निघाली की ती कोरी राहील, चुका मात्र होतच राहतील.

औषधाच्या दुष्परिणामांची नोंद वेगळी. भारतात औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो बघतो, आणि १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. फॉर्म फार्मासिस्टही भरू शकतो. शंका पुरेशी असते, पुरावा लागत नाही. फॉर्ममध्ये बॅच नंबर का मागतात, हे सांगताना मी १९८६ चं मुंबईचं जे. जे. रुग्णालय सांगते. भेसळीच्या ग्लिसरॉलने तिथे चौदा रुग्ण दगावले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने ते सगळं उघड केलं. त्याच विषाने २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली मुलं खोकल्याच्या औषधामुळे गेली. त्यांतली काही उपचारांसाठी नागपूरला आणली होती. एवढं सांगितल्यावर बॅचचा रकाना कुणी रिकामा ठेवत नाही.

बाराव्या आठवड्यानंतर

निकाल एका बैठकीत सांगा, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, आणि पहिल्या व शेवटच्या तीस रुग्णांचे कागद समोरासमोर ठेवून. जे टेबल राहिलं ते महिनाभरात पुन्हा घ्या, तोवर त्या प्रकारचा रुग्ण ज्येष्ठांनी बघायचा. नंतर दर सहा महिन्यांनी दहा रुग्णांची चाचणी पुरते. आणि ते कागद फेकू नका. पुढची नेमणूक होऊन नवा मुलगा किंवा मुलगी आली की साठा नोंदवहीच्या आधी ते हातात द्या, पहिल्या सकाळी बसून वाचायला.